पत्र्याखाली काय चाललंय? चिमणी आणि डक्टच्या क्लॅडिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी गरम पाइपच्या इन्सुलेशनबद्दल लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की वरचा पत्रा नीट नसेल तर आतलं सगळं काम पाण्यात, आणि त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की मूळ लेख बाजूलाच राहिला. म्हणून यावेळी फक्त पत्रा, म्हणजे इन्सुलेशनवर बाहेरून चढवतात ते क्लॅडिंग. डक्ट म्हणजे हवा नेणारा पत्र्याचा मोठा पाइप, आणि चिमणी म्हणजे इथे धूर बाहेर नेणारं धुराडं, गॅसच्या शेगडीवरची नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण तिच्या फिल्टरबद्दल पण तीन पत्रं आली आहेत. ती पुढच्या वेळी.

प्रश्न : आमच्या बॉयलरच्या लोखंडी चिमणीवर रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा लावलाय. दोन वर्षं झाली नाहीत तोवर खालच्या बाजूने तांबूस पाणी ओघळायला लागलं. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही ना, मग पाणी लाल कसं? सगळ्या सांध्यांना दोनदा सिलिकॉन मारून झालं, वरपासून खालपर्यंत.

लाल पाणी पत्र्याचं नाहीच हो, ते आतल्या चिमणीचं आहे. पत्रा चकचकीत आणि आत लोखंडाला गंज खात चाललाय. पावसाचं पाणी कुठून तरी आत शिरतं, वूलमध्ये मुरतं, आणि वूल म्हणजे मग चिमणीला गुंडाळलेलं ओलं पोतं. वूल पाणी धरत नाही असं पॅकिंगवर लिहिलेलं असतं आणि नवीन असताना ते खरंही असतं, पण त्याला पाणी झटकायचा जो गुण दिलेला असतो तो गरम बाजूला तापून तापून उडून जातो. लोखंड साधारण ५० ते १७५ अंश सेल्सिअसमध्ये असेल आणि वर ओलावा असेल तर गंज सगळ्यात जोरात चालतो, त्याहून गरम असेल तर पाणी टिकतच नाही. पण बॉयलर रोज बंद-चालू होत असेल तर रोज दोनदा त्याच पट्ट्यातून जाणं झालं, म्हणजे कायम गरम चालणाऱ्या चिमणीपेक्षा तुमची जास्त धोक्यात.

आता सिलिकॉनचं. तुम्ही वरपासून खालपर्यंत मारलं म्हणताय, म्हणजे तळाचा सांधा पण बंद केला असणार, आणि पाणी बाहेर पडायची ती एकच वाट होती. वरून येणारं थांबलं नाही आणि खालून जाणारं अडलं. पत्र्याच्या तळाशी, सगळ्यात खालच्या जागी, पाणी निथळायला भोकं ठेवायचीच असतात, ती बुजवायची नाहीत. आणि सिलिकॉन कुठलं मारलं? लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा जस्ताचा थर खातं, न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, असं लिहिलेलं घ्यायचं. तेही सांध्याच्या आत, दोन पत्र्यांच्या मध्ये पाहिजे. वरून बोटाने फासलेलं सिलिकॉन म्हणजे जखमेच्या शेजारी लावलेली पट्टी.

खरं काम सांधा करतो, सिलिकॉन नाही. पत्रा खालून वर चढवत जायचा, म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या अंगावर येते, कौलं लावतात तसंच, पाण्याला आत जायला वर चढावं लागेल आणि पाणी वर चढत नाही. ओव्हरलॅप ५० मिलिमीटर तरी, आणि कडेला बीड काढलेला, म्हणजे ती गोल उभारी, नुसत्या सपाट पत्र्यावर सपाट पत्रा ठेवला की मधून पाणी ओढलं जातं, दोन काचांमध्ये ओढलं जातं तसं. उभा सांधा पावसाचा मारा येतो त्याच्या उलट बाजूला. आडव्या डक्टवर लांबीचा सांधा कधीच माथ्यावर नको, घड्याळात बघितलं तर चार किंवा आठच्या जागी, तोंड खाली. हे ऐकायला बारीकसं वाटतं, पण मी जेवढी गळकी कामं उघडून बघितली त्यात बहुतेक वेळा एक तरी पत्रा उलटा लावलेला सापडला, शेवटचा तुकडा वरून खाली बसवणं सोपं जातं म्हणून.

आणि सगळ्यात जास्त पाणी जातं ते सांध्यातून नाही, तर पत्र्याला जिथे भोक पाडलंय तिथून. शिडीचे ब्रॅकेट, धुराचा नमुना घ्यायचा पोर्ट, वीजरोधकाची क्लॅम्प, थर्मामीटर. प्रत्येकाला कॉलर पाहिजे, म्हणजे भोकाभोवती पाणी बाहेर वळवणारी कड. चिमणीच्या माथ्यावर तर पावसाची कॉलर चिमणीलाच वेल्ड केलेली पाहिजे आणि ती पत्र्याच्या बाहेरून छत्रीसारखी खाली आली पाहिजे. पत्रा वर नेऊन चिमणीला नुसता टेकवला आणि सिलिकॉन भरलं तर चिमणी तापून लांबते, सिलिकॉन तुटतं, झालं.

तुम्ही आता काय करायचं? बॉयलर बंद करून थंड होऊ द्या, सगळ्यात खालचा एक पत्रा काढा आणि वूल मुठीत दाबून बघा. पाणी निघालं तर तेवढ्यावर भागणार नाही, वर चढत उघडत जावं लागेल, ओलं वूल फेकायचं, वाळवून परत लावायचं नाही, आणि आतल्या चिमणीच्या लोखंडाची जाडी मोजून घ्यायची. जाडी कमी झाली असेल तर क्लॅडिंगवाला नाही, स्ट्रक्चरलवाला बोलवा. अजून एक बघा, मध्ये कुठे वूल घसरून रिकामी जागा झाली असेल तर तिथे चिमणी आतूनही खाल्ली गेलेली असू शकते, कारण इंधनात गंधक असलं की तेवढा थंड पट्टा सापडताच धुरातलं आम्ल तिथे आतून दवासारखं जमतं. दोन्हीकडून गंज.

प्रश्न : मी नवीनच पत्रेकाम शिकतोय. ३०० मिमीच्या डक्टवर ५० मिमी वूल होतं, मी हिशेब करून पत्रे कापले आणि सगळे आखूड पडले. उस्ताद ओरडले. नक्की चुकलं कुठे?

तू ३०० चा घेर काढलास ना? किंवा एकाच बाजूचं वूल धरून ३५० चा. वूल दोन्ही बाजूंना असतं, म्हणजे बाहेरचा व्यास ४००. त्याला ३.१४ ने गुण, १२५६ आले, त्यात ओव्हरलॅपचे ५० मिळव, १३०६. आणि हे पण कागदावरचं. वूल कधी कागदाएवढं बसत नाही, म्हणून पट्टी घेऊन वुलावरून प्रत्यक्ष घेर मोज, तीन ठिकाणी, आणि मग काप. मोठा आला तर चालेल, आखूड पत्रा ओढून बसवायला गेलास की वूल दबतं आणि दबलेलं वूल तेवढी उष्णता अडवत नाही.

आणि एक, रंग किंवा कोटिंगवाल्या पत्र्याला ग्राइंडर लावू नकोस, कातर किंवा निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं यंत्र, वापर. ग्राइंडरने कड जळते, कोटिंग जातं, आणि उडालेले लाल कण शेजारच्या पत्र्यावर चिकटून आठवड्यात गंजाचे ठिपके दिसतात. लोक म्हणतात पत्रा खराब आला. ड्रिलचा चुरा पण ब्रशने झाडायचा, रोजच्या रोज.

प्रश्न : उंचीवर पत्रा चढवताना वाऱ्याने आमच्या एका माणसाच्या हातातून पत्रा सुटला, नशिबाने खाली कोणी नव्हतं. हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, घातलेला होता सगळ्यांनी. अजून काय काळजी घ्यायची?

हार्नेस माणसासाठी होता, पत्र्यासाठी काय होतं? दोन मीटर बाय एक मीटरचा पत्रा ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याला तोंड करून धरला तर हाताला साधारण पंधरा किलोचा धक्का बसतो. वारा दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे साठ किलो. शिडीवर एका हाताने उभ्या माणसाला पंधराच पुष्कळ झाले.

म्हणून पत्रा खालीच रोलरवर गोल करून घ्या, सपाट पत्रा वर नेऊच नका, गोल पत्र्याला वारा कमी धरतो आणि तो बसतोही पटकन. शिडीवरून हातात घेऊन चढायचं नाही, परांचीवर उभं राहून दोरीने वर ओढायचा, दोन भोकांत बांधून. चिमणीला टेकवला की लगेच बाहेरून रॅचेट बेल्ट आवळायचा, मग शांतपणे रिव्हेट. संध्याकाळी दोन रिव्हेटवर लटकत ठेवून घरी जायचं नाही, रात्रीचा वारा कोणाची वाट बघत नाही. खालची जागा दोरी लावून बंद.

आता हार्नेसचं बोलतोच, कारण घातला म्हणजे झालं असं नसतं. हुक कुठे अडकवला होता? मी क्लॅडिंगच्या कड्याला हुक लावलेली माणसं बघितली आहेत, अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि त्याला माणूस. इलेक्ट्रिकच्या वायरींचा पाइप, फायरचा पाइप, डक्टचा सपोर्ट यांपैकी काहीच नाही, अँकरसाठी ठरवून दिलेलीच जागा पाहिजे. आणि हिशेब करा : दोन मीटरची दोरी, पडताना शॉक ॲब्सॉर्बर (दोरीवरची धक्का शोषणारी दुमडलेली पट्टी) उलगडतो तो पावणेदोन मीटरपर्यंत, त्याखाली माणसाचं अंग दीड-दोन मीटर, वर एक मीटर शिल्लक पाहिजे. सहा-साडेसहा मीटर झाले. म्हणजे चार मीटर उंचीच्या डक्टवर पायाजवळ हुक लावून काम करणारा माणूस हार्नेससकट जमिनीवर आपटणार. तिथे कठडा असलेली परांची बांधा, किंवा दोरी एवढी आखूड ठेवा की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला झटक्यात खाली उतरवायला पण कोणीतरी आणि काहीतरी तयार पाहिजे, बराच वेळ नुसतं लटकून राहणंसुद्धा जिवावर बेततं.

डक्टवर चालू नका. प्रत्येक जण चालतो, मला माहितीये. पण डक्ट हवेसाठी बनवलेला असतो, माणसासाठी नाही, आणि वरून पत्रा लावला की खाली सांधा कुठे, सपोर्ट कुठे काही दिसत नाही. शिवाय पाय पडला तिथे खळगा होतो, खळग्यात पाणी साठतं, आणि मग पहिल्या प्रश्नाकडे परत या.

हातमोज्याचं एक. पत्रा हाताळताना कट लागणार नाही असे मोजे हवेतच, पण रोलिंग मशीनवर आणि ड्रिलवर मोजे काढा, फिरतं यंत्र मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर बोटं. आणि बाही मोज्याच्या आत खोचा. माझ्या डाव्या मनगटावर जी खूण आहे ती मोजा आणि बाही यांच्या मधल्या दोन बोटं जागेत पडली, मोजे तेव्हा नवेकोरे होते.

एक विसरत होतो. शेजारचा बॉयलर त्याच चिमणीला जोडलेला असेल आणि चालू असेल तर वर माणूस पाठवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकं दुखायला लागलं आणि मळमळलं की लोक म्हणतात ऊन लागलं. पंखा आणि डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, कुलूप लावून बंद, किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात.

प्रश्न : नवीन क्लॅडिंग केल्यापासून डक्ट चालू करताना आणि बंद करताना टण्ण टण्ण आवाज येतो. काही स्क्रू तुटले पण आहेत.

आतलं लांबतंय आणि बाहेरचं लांबत नाहीये. लोखंड दर १० मीटरला दर १०० अंशांमागे साधारण १२ मिमी वाढतं. तुमचा डक्ट २०० अंशांनी तापत असेल तर १० मीटरला २४ मिमी. वरचा ॲल्युमिनियम खरं तर लोखंडाच्या दुप्पट वाढणारा धातू, पण तो तापतोच २५-३० अंशांनी, म्हणजे त्याची वाढ ६-७ मिमी. उरलेले १७-१८ मिमी कोणीतरी सहन करायचे, ते स्क्रूंनी केले आणि तुटले. ठरावीक अंतरावर एक गोल सांधा मोकळा ठेवायचा असतो, स्क्रू नाही, रिव्हेट नाही, नुसता ओव्हरलॅप आणि तोही नेहमीपेक्षा मोठा, म्हणजे पत्रा दुर्बिणीसारखा सरकतो. तुमच्याकडे सगळेच सांधे पक्के केले असणार. चांगलं मजबूत काम म्हणून केलं असेल बिचाऱ्यांनी. स्क्रूची लांबीही बघा, वूल पार करून डक्टपर्यंत पोचणारा स्क्रू डक्टला भोक पाडतो आणि वर उष्णताही बाहेर आणतो.

प्रश्न : नियमाप्रमाणे जाडीचं इन्सुलेशन आहे तरी पत्र्याला हात लागला की चटका बसतो. पत्रा एकदम चकचकीत ॲल्युमिनियम. पूर्वीच्या रंगवलेल्या पत्र्याला असं होत नव्हतं.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. चकचकीत पत्रा उष्णता बाहेर फेकत नाही, स्वतःजवळ धरून ठेवतो. त्यामुळे आतून तेवढीच उष्णता येत असली तरी चकचकीत पत्रा रंगवलेल्यापेक्षा जास्त गरम होतो. उष्णता वाचवायला तो चांगला, हात वाचवायला नाही. पत्र्याचं तापमान ६० अंशांच्या आत ठेवायचं असा सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे, कारण त्या तापमानाच्या धातूला पाचेक सेकंद हात लागला तर कातडी भाजायला सुरुवात होते. माणसांचा हात पोचतो तेवढ्या उंचीपर्यंत मॅट रंगाचा पत्रा लावा, फरक पडेल.

पण चटका सगळीकडे बसतो की ठरावीक जागी, ते आधी बघा. ठरावीक जागी असेल तर खाली पत्र्याला आधार देणारी सपोर्ट रिंग आहे आणि तिची लोखंडी पट्टी डक्टपासून थेट पत्र्याला टेकलीये. मध्ये सिरॅमिक फायबरची, म्हणजे खूप उष्णता सोसणाऱ्या धाग्यांची, टेप टाकायची राहिली. आणि इन्फ्रारेड बंदूक चकचकीत पत्र्यावर धरून तापमान बघू नका, ती खूप कमी दाखवते आणि माणूस बिनधास्त हात लावतो. काळी टेप चिकटवा, तिच्यावर मोजा.

प्रश्न : पहिल्यांदा चालू केलं तर पत्र्याच्या सांध्यांतून धूर आणि घाण वास. बंद केलं घाबरून.

वूलचे धागे धरून ठेवायला जो चिकट पदार्थ असतो तो गरम बाजूला जळतो, पहिल्या वेळी होतं, मग थांबतं. दारं-खिडक्या उघडी ठेवा, माणसं लांब, तापमान हळूहळू वाढवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही धूर येत असेल तर मात्र ते वूल नाही, तेलाचं फडकं किंवा पॅकिंगचं प्लास्टिक आत राहिलंय. उघडा.

प्रश्न : जुन्या चिमणीचं क्लॅडिंग बदलायचंय. पत्रा काढला तर आत पांढरट, खडूसारखं, हात लावला की भुगा होणारं काहीतरी आहे. काढून टाकू का?

हात लावू नका. पत्रा हळूच परत बसवा, तिथून सगळ्यांना बाजूला घ्या, झाडू मारू नका, हवेचा पाइप तर अजिबात मारू नका. ते ॲस्बेस्टॉस, म्हणजे कर्करोगाला कारण होणारं जुन्या काळचं इन्सुलेशन, असू शकतं. नसेलही, कॅल्शियम सिलिकेट नावाचं दुसरं इन्सुलेशन पण तसंच दिसतं, पण डोळ्यांनी दोन्हीतला फरक मला इतक्या वर्षांनी सांगता येत नाही आणि सांगता येतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या आणि तोही प्रशिक्षित माणसाने घेतलेला. ॲस्बेस्टॉस निघालं तर काढायचं काम त्यातल्याच लोकांचं.

रॉकवूल-ग्लासवूलची तेवढी भीती नको, कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २००१ मध्ये फेरविचार करून त्यांना संशयितांच्या यादीतून काढलं. खाज सुटते, मास्क आणि पूर्ण बाही पाहिजे, एवढंच. सिरॅमिक फायबर मात्र त्या यादीत अजून आहे, आणि वर्षानुवर्षं खूप तापलेलं असेल तर काढताना त्यातून फुप्फुसाला घातक सिलिकाची धूळ निघते. तिथे साधा कापडी मास्क म्हणजे काहीच नाही.

प्रश्न : घरात लाकडावर चालणारी शेकोटीची भट्टी आहे, तिचा धुराचा पाइप लाकडी भिंतीजवळून जातो. भिंतीवर पत्रा ठोकला की झालं ना?

नाही झालं. लाकडावर चिकटून ठोकलेला पत्रा स्वतः तापतो आणि लाकडालाही तापवतो, आणि लाकूड वर्षानुवर्षं शेकत राहिलं की आधीपेक्षा कमी तापमानाला पेट घ्यायला लागतं. पत्रा दिसायला तसाच, मागे भिंत काळी. पत्रा भिंतीपासून एक इंच पुढे धरा, मध्ये न जळणारे स्पेसर, आणि वरून-खालून मोकळा ठेवा, म्हणजे मागून हवा चढत राहील. ठीक पाइपच्या समोर स्पेसर किंवा स्क्रू नको, तोच उष्णता भिंतीत नेतो. आणि त्या एक इंचात रिकामी जागा दिसते म्हणून वूल भरू नका, हवा फिरणं हेच तिथलं काम आहे. पाइप आणि भिंत यांतलं अंतर भट्टीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं, पत्रा लावला तरी ते आपल्या मनाने कमी करायचं नाही.

प्रश्न : एसीच्या डक्टवर क्लॅडिंग केलं आणि आता पत्र्यातून पाणी टपकतं. पाऊस नाही, छताखाली आहे.

थंड डक्टला उलटा हिशेब. तिथे पाणी हवेतून येतं. वुलावरच्या फॉइलने बाष्प अडवायचं असतं आणि तुमच्या पत्रेवाल्याने सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून त्या फॉइलला शंभर भोकं पाडली. पत्रा काढा, भोकांवर फॉइल टेप लावा, ओलं झालेलं वूल बदला आणि परत लावताना स्क्रूऐवजी बाहेरून पट्टे आवळा.